मदत हवी आहे: पद्मिनीचं जाम झालेलं इंजिन

प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, पेट्रोल. चार पावसाळे उघड्यावर उभी. पत्रा गेलाय, इंजिन मात्र वाचवायचंच आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, ३० मिली, चार दिवस मुरवलं. पान्याने क्रँक जेमतेम १० अंश फिरतो नि टणकन अडतो. व्हॉल्व्ह आड येत असतील म्हणून रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) सोडला, व्हॉल्व्ह सगळे वर येऊन बसले, तरी तेच. तिसऱ्या प्लगच्या भोकातून टॉर्च मारला की बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तांबूस गंजाचं कडं दिसतं. पिस्टनच्या रिंगा तिथेच धरल्या असाव्यात. सेल्फ मारलेला नाही, रॉड वाकायची भीती.

आता अडलंय ते हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. अ‍ॅल्युमिनियमचं, स्टडांना (हेड धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांना) गंजाने चिकटलंय. पाचर ठोकली तर गास्केटची बाजू चरेल. न वाकवता कसं उचलावं? आणि ६८ मिमी बोअरचे ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठे) पिस्टन-रिंगा कुर्ल्याला सीएसटी रोडवर अजून मिळतात का?