गाऊन, लेंगा, नाइट सूट घालून घराबाहेर कुठपर्यंत चालतं?

वृषाली_ठाणे (प्रश्न)

नव्या टॉवरमध्ये राहायला आलोय. लिफ्टजवळ कमिटीनं नोटीस लावली आहे: गाऊन, लुंगी, बर्म्युडा, नाइट ड्रेस घालून लॉबी, लिफ्ट आणि बागेत येऊ नये, आल्यास ५०० रुपये दंड. घरात सासूबाई दिवसभर गाऊनमध्ये असतात, सासरे पांढरा लेंगा आणि बनियनवर. दोघंही सत्तरीच्या पुढचे. कचरा ठेवणं, दूध घेणं, नातवाला स्कूल बसपर्यंत सोडणं आणि खालच्या वाण्याकडे जाणं ही कामं तेच करतात.

विचारायचं असं की, यातलं कुठे काय चालतं? लेंगा नाइट ड्रेस धरायचा का? दंड खरंच लागू होतो का? आणि सासूबाईंना गाऊनइतकंच मोकळं वाटेल असं दुसरं काय शिवून घेता येईल?

सुईदोरा

आधी लेंग्याबद्दल. लेंगा हा झोपायचा कपडा नाही. लेंगा, सदरा आणि टोपी हा आपल्याकडे बाजाराला, लग्नाला, ग्रामसभेला जायचा वेश आहे. पायजम्याचंही तेच. शब्द फारसी, 'पाय' आणि 'जामा', म्हणजे पायात घालायचं वस्त्र. इथे तो दिवसाच घालत. इंग्रजांनी तो इथून नेला आणि तिकडे झोपायचा केला, म्हणून आज 'पायजमा' म्हटलं की कमिटीला पलंग आठवतो. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत अडचण आहे ती बनियनची. दाराच्या मागे खुंटीला एक सुती बंडी टांगून ठेवा. अर्ध्या बाह्यांची, पुढे बटणं आणि खाली दोन खिसे असलेली. बनियनवर चढवायला दहा सेकंद लागतात आणि लेंगा-बंडीत माणूस नीट कपडे घातलेला दिसतो.

लेंग्यात दोन गोष्टी बिघडतात. एक नाडी. सॅटिनची किंवा नायलॉनची नाडी गुळगुळीत असते, गाठ आपोआप सैल पडते. सुती विणलेली चपटी नाडी घ्या, कमरेच्या मापापेक्षा १८ ते २० इंच जास्त, आणि नेफ्याच्या मागच्या बाजूला मधोमध एक टाका मारून पक्की करा, म्हणजे धुण्यात एक टोक आत जाणार नाही. दुसरी गोष्ट मोबाइल. आजकालचा फोन २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. तो लेंग्याच्या बाजूच्या खिशात टाकला की एका अंगाला नेफा खाली ओढला जातो. फोन बंडीच्या खिशात ठेवायचा.

आता गाऊन. बाहेर वाईट दिसतो तो बहुतेक वेळा कापडामुळे आणि मापामुळे. कापड ट्यूबलाइटखाली बघून घेऊ नका, तिथे सगळंच दाट दिसतं. सकाळी सातला पूर्वेच्या काचेतून तिरपं ऊन येतं तेव्हा पातळ होजिअरीतून आणि मलमलीतून पायांची आकृती स्पष्ट दिसते, आणि टॉवरच्या लॉबीला बहुधा काचेचंच दार असतं. दुकानात कापडाचा एकच पदर खिडकीकडे धरून मागे पंजा ठेवा. बोटं मोजता आली तर ते कापड घरात ठीक, बाहेर परकर हवाच. कॅम्ब्रिक किंवा जाड पॉपलीन, गडद रंगाचं किंवा बारीक छापाचं, या परीक्षेत पास होतं.

लांबीचं म्हणाल तर 'फ्री साइज' गाऊन बहुधा ५४ ते ५६ इंचांचे येतात. पाच फूट उंचीच्या बाईचं खांद्यापासून जमिनीपर्यंतचं माप साधारण ५० इंच. म्हणजे चार ते सहा इंच कापड जमिनीवर लोळतं. एका हातात कचऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, मग घेर उचलायला हात कुठून आणायचा? जिन्यात पाय अडकतो तो इथेच. खालची दुमड घालून गाऊन घोट्याच्या दोन इंच वर आणा. पुढची चेन वाकल्यावर उघडते, तिच्या टोकाशी एक टिचबटण लावून घ्या.

गाऊनवर ओढणी घ्यायची पद्धत मला व्यवहारात फारशी उपयोगी वाटत नाही. वाकलं की ती घसरते, लिफ्टच्या दारात अडकते, आणि तशीच परत येऊन गॅससमोर उभं राहिलं तर धोका. त्यापेक्षा बिनबाह्यांचं, पुढून उघडं, गुडघ्यापर्यंतचं सुती जॅकेट शिवा. आणि गाऊन घालून स्कूटरवर मागे बसणं अजिबात नको. घेर मागच्या चाकात गेला की बाई रस्त्यावर फेकली जाते. साडी गार्ड असलं तरी इतक्या मोठ्या सैल घेराचा भरवसा धरू नका.

गाऊनच्या जागी सैल कुर्ता आणि पलाझो, एकाच कापडाचे. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर दोन्ही मिळून साधारण साडेचार मीटर, अंगानं भरलेल्या असतील तर अर्धा मीटर जास्त. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरं सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं, आणि मग पहिल्या धुण्यात पलाझो आखूड. इलॅस्टिक दीड इंच रुंदीचं, फक्त मागच्या अर्ध्या भागात, आणि तेही कमरेच्या अर्ध्या मापापेक्षा दोनच इंच कमी. पुढे साधा पट्टा. अरुंद इलॅस्टिक पोटाला रुततं, आणि ज्येष्ठ बायका 'गाऊनच बरा' म्हणतात त्याचं अर्धं कारण ते असतं.

उरलेलं अर्धं कारण कोणी बोलत नाही. गुडघे दुखत असले की संडासात पलाझो खाली-वर करणं जड जातं, गाऊन नुसता उचलला की झालं. सासूबाईंचं तसं असेल तर पलाझोचा आग्रह धरू नका. आत परकर, वर नीट मापाचा जाड सुती गाऊन आणि बाहेर जाताना जॅकेट, एवढं पुरतं.

माजी_सचिव

वृषालीताई, दंडाबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली सोसायटी उपविधींवर, म्हणजे तिच्या नोंदलेल्या नियमावलीवर, चालते. कमिटीनं भिंतीवर कागद लावला म्हणून दंड वसूल करता येत नाही. त्याला उपविधीत आधार हवा आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. नवा नियम उपविधीतच घालायचा असेल तर कलम १३ प्रमाणे ती दुरुस्ती निबंधक कार्यालयात नोंदली जाईपर्यंत लागू होत नाही. तेव्हा सचिवांना साधं पत्र द्या: 'ही नोटीस कोणत्या उपविधीखाली, कोणत्या सभेच्या ठरावानं काढली ते कळवावं.' दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या. मेंटेनन्सच्या बिलात ५०० रुपये लावून आले तर ती रक्कम का मान्य नाही हे लेखी कळवा आणि बाकी बिल वेळेवर भरा. पूर्ण बिल अडवलं की थकबाकीदार तुम्ही ठरता.

कमिटीत असणाऱ्यांनाही सांगतो. कपड्यांची नावं लिहिली की नियम फसतो. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातल्या हिमसागर सोसायटीनं लुंगी आणि नाइटी घालून सामायिक जागेत फिरू नका असं पत्रक काढलं, आणि देशभर चर्चा झाली ती त्या दोन नावांची. आपल्याकडे २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानं दिवसा गाऊन घालून बाहेर पडल्यास ५०० रुपये दंडाचा फलक लावला होता, त्याचीही बातमीच झाली. लुंगी हा कोणाच्या तरी गावचा पूर्ण पोशाख आहे. मोडेल तो नियम लिहू नये. 'लॉबी, लिफ्ट व बागेत उघड्या अंगाने किंवा केवळ अंतर्वस्त्रांत वावरू नये. पोहण्याच्या तलावावरून येताना अंग पुसून, वरून कपडा घालून लिफ्टमध्ये यावे' असं लिहा. हे स्त्री-पुरुष दोघांना सारखं लागू होतं आणि कोणाला मोजपट्टी घेऊन उभं राहावं लागत नाही.

वॉचमनला कोणाचे कपडे तपासायला लावू नका. तो बाईमाणसाला काय सांगणार? आणि सीसीटीव्हीतला फोटो ग्रुपवर टाकणं तर नकोच. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या सुझोऊ शहराच्या प्रशासनानं २०२० च्या जानेवारीत रस्त्यावर पायजम्यात दिसलेल्या सात जणांचे फोटो नावांसकट जाहीर केले. लोक इतके संतापले की प्रशासनाला माफी मागावी लागली.

गिरगाव_ते_लेस्टर

ही कटकट नव्या टॉवरमध्येच का होते? चाळीत नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला. खांद्यावर पंचा, अंगात बनियन, हातात बादली, असं माणूस गॅलरीतून गेलं तर ते 'बाहेर' गेलं असं कोणी धरत नसे. गॅलरी घराचाच भाग होती. पुनर्विकासात तीच माणसं विसाव्या मजल्यावर गेली. लॉबीत संगमरवर आला, सोफा आला, तरी ज्येष्ठांच्या लेखी ती गॅलरीच आहे. त्यांचा उंबरठा मुख्य फाटकाशी आहे, कमिटीचा फ्लॅटच्या दाराशी. यात कोणी गावंढळ नाही.

शांघायमध्ये अगदी हेच झालं. तिथल्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांत चार-चार कुटुंबांत एक स्वयंपाकघर, त्यामुळे पायजम्यात गल्लीत यायची, बाजारात जायची सवय. २०१० च्या जागतिक प्रदर्शनाआधी शहरानं 'पायजमा घालून बाहेर पडू नका' अशी मोहीमच काढली. त्यावर तिथल्याच लोकांनी विचारलं की आमच्या गल्लीची रीत पाहुण्यांसाठी का मोडायची? मला तो प्रश्न रास्त वाटतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. इथे लोक उदार वाटतात, पण रेषा आहे. २०१० मध्ये कार्डिफमधल्या सेंट मेलन्सच्या टेस्को दुकानानं रात्रीच्या कपड्यांत आणि अनवाणी येऊ नका अशी पाटी लावली. २०१६ मध्ये डार्लिंग्टनच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेनं पालकांना पत्र लिहिलं की मुलांना सोडायला पायजम्यात येऊ नका. ड्रेसिंग गाऊनवर पार्सल घेणं, कचऱ्याचा डबा फुटपाथवर ढकलणं चालतं, शाळेच्या फाटकाशी नाही. चौकड्यांचं फ्लॅनेल आणि फ्लीस लगेच झोपेचं म्हणून ओळखू येतं, एकरंगी जॉगर ओळखू येत नाही. आपल्या कुर्ता-पायजम्याला मात्र कोणी हरकत घेत नाही. दिवाळीत शाळेत नुसतं 'पायजमा घालून येऊ' असं कळवू नका, 'कुर्ता-पायजमा' असं पूर्ण नाव लिहा. शाळांत मुलांचा पायजमा दिवस वेगळा असतो, त्यात घोटाळा होतो.

मावशी_परळ

कामांप्रमाणे सांगते गं. दूध आणि कचरा आपल्याच मजल्यावर: आहे तसं जा. लिफ्टनं खाली: जॅकेट किंवा बंडी. स्कूल बस: तेच, पण पायात चप्पल नीट हवी, घरातली सपाता ओल्या पोर्चमध्ये घसरते. वाणी आवारात असेल तर तसंच, रस्ता ओलांडायचा असेल तर कपडे बदलून. देवळात नाही. २०२५ च्या जानेवारीअखेरीपासून सिद्धिविनायकाला तर कपड्यांचा नियमच आहे. तुळजापुरात २०२३ मध्ये हाफ पँट, बर्म्युडाबंदीचा फलक लागला आणि लोक बोलल्यावर काही तासांत उतरला, पण फलक असो-नसो, गाभाऱ्याशी झोपेच्या कपड्यांत जाऊ नये.

रेल्वेत रात्री १० ते सकाळी ६ ही झोपायची वेळ धरलेली आहे. गाडीत कपडे बदलण्यापेक्षा घरूनच सैल, गडद, घोट्यापर्यंतचं घालून निघा. संडासातली जमीन ओली असते, पलाझोचा घेर त्यात भिजतो. हॉस्पिटलात पेशंटसाठी पुढून उघडा, सैल बाहीचा गाऊन न्या, सलाईनचा हात घालता येतो. सोबत राहणाऱ्यानं रात्रीही पूर्ण कपड्यांत झोपावं, डॉक्टर कधीही राउंडला येतात.

आणि एक. शेजाऱ्यानं रात्री हाक मारली, कोणाच्या छातीत दुखतंय म्हणून, तर अंगावर काय आहे हे बघायचं नाही, धावायचं. दुसऱ्या दिवशी समाचाराला जाताना साडी किंवा ड्रेस.

वृषाली_ठाणे

सगळ्यांचे आभार. पोच घेऊन पत्र देते. आता एकच, सासूबाईंना हे सांगायचं कसं? 'माझा गाऊन खटकला का' असं वाटून घेतील.

मावशी_परळ

सांगूच नकोस. त्यांच्या आवडीच्या छापाचं जॅकेट शिव, उजव्या शिवणीत सहा इंच रुंद आणि नऊ इंच खोल खिसा ठेव. लॅचची किल्ली त्या खिशात ठेवायची, आणि जॅकेट दाराशेजारच्या खुंटीला. किल्ली घ्यायला हात तिकडेच जातो.

सुईदोरा

खिसा कमरेच्या रेषेवर सुरू होऊ दे, खाली नको. आणि किल्लीला आत एक टिचबटणाची पट्टी लाव, वाकल्यावर ती पडायला नको.