मदत हवी आहे : जुन्या मॅसी 35 चे इंजिन नव्याने बांधल्यावरही क्लच हाऊसिंगमधून ऑइल गळते

आमच्याकडे मॅसी फर्ग्युसन 35 हा जुना ट्रॅक्टर असून त्याला पर्किन्सचे ए3.152, म्हणजे तीन सिलिंडरांचे सुमारे अडीच लिटरचे डिझेल इंजिन आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. दोन वर्षे कडुनिंबाखाली उभ्या राहिलेल्या या ट्रॅक्टरचे इंजिन मागील दिवाळीनंतर पूर्ण उघडून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे व पॅकिंगे नवी घातली आणि क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) लेथवर ग्राइंड करून आणला. आवाज आणि ऑइल प्रेशर उत्तम आहे, धूरही नाही.

तक्रार एवढीच, की क्लच हाऊसिंगच्या तळाशी जी कॉटर पिन असते तिथून ऑइल टपकते. थंड इंजिनावर किंवा रिकाम्या चालीत एक थेंबही पडत नाही. काळ्या जमिनीत नांगर लावून अर्धा तास झाला की मात्र थेंब सुरू होतात आणि दिवसभरात अर्धा लिटर तरी जाते. या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे ऑइल एकच असल्यामुळे ते इनपुट शाफ्टच्या सीलमधून पुढे येत असावे असे आधी वाटले होते, परंतु टपकणारे ऑइल काळे, म्हणजे इंजिनाचे आहे आणि मागची पातळी जराही उतरलेली नाही. टॅपेट कव्हर व वरचे कव्हर डिझेलने धुऊन त्यांवर खडूची भुकटी शिंपडून पाहिली. ती कोरडीच राहिली. ‘जुने इंजिन थोडे गळणारच’ असे गावात सगळे सांगतात, पण ओली झालेली क्लच प्लेट ओढ लागताच घसरते, तिचे काय करायचे हे कोणी सांगत नाही.

क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसून दोन अर्ध्या हाऊसिंगांत बसणारे दोरीचे सील आहे. ट्रॅक्टर मधून उघडून, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून वेगळे करून, ती दोरी एकदा बदलली. मिस्त्रींनी तिची टोके ब्लेडने हाऊसिंगच्या बरोबरीने कापली. गळती तशीच राहिली. परवा केवळ पडताळणीसाठी ऑइल भरण्याचे झाकण सैल ठेवून नांगरले, तेव्हा ती निम्म्यावर आली. मृग लागण्याआधी वखरणी उरकायची आहे, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा मधून उघडावा की आधी आणखी काही तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :
भाऊ, इतक्यात ट्रॅक्टर उघडू नका. झाकण सैल करताच गळती कमी होते, याचा अर्थ क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साचतो आहे, आणि तो असेपर्यंत दोरी कितीही नीट बसवली तरी ऑइल बाहेर येणारच. आधी ब्रीदरची, म्हणजे हा दाब बाहेर सोडणारी नळी काढून पाहा. दोन वर्षे झाडाखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर हमखास करते. नळी मोकळी असूनही झाकणातून जोराने वाफा येत असतील, तर पिस्टनच्या रिंगांमधून वायू खाली येत असावा, मग रिंगांकडे वळावे लागेल.

दोरीबद्दलही सांगतो. टोके बरोबरीने कापणे चूकच आहे. प्रत्येक टोक हाऊसिंगच्या सांध्यापासून 0.25 ते 0.50 मिलिमीटर बाहेर ठेवून, मग दोरी मधल्या भागापासून गोल सळईने दाबत बसवायची असते आणि आतून ग्राफाइट ग्रीस लावायचे असते. शिवाय क्रँकच्या त्या भागावर ऑइल मागे परतवणाऱ्या बारीक आट्या असतात. लेथवाल्याने पॉलिश करताना त्या पुसून टाकल्या नाहीत ना, हे दोरी काढाल तेव्हा अवश्य पाहा.

धागाकर्ता :
आपले आभार. नळीतून बोटभर सुकलेली माती निघाली. आज सकाळपासून झाकण घट्ट लावून चार तास नांगरले, तर मोजून सात-आठ थेंब पडले आणि क्लच घसरला नाही. दोरीचे काम आता पेरणीनंतर काढीन. आट्यांकडे मात्र आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नव्हते. त्या झिजलेल्या निघाल्या तर क्रँक न बदलता काही करता येते का, हे कोणी करून पाहिले असल्यास कळवावे.