विंडोज टाकण्याआधी डीएनएस तपासा

परभणीच्या भाऊंनी लिहिलंय की दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ या गुगलच्या डीएनएस सर्व्हरला पिंग (पोच तपासणारा छोटा संदेश) जातो, पण पीकविम्याच्या फॉर्मची साइट नावाने उघडत नाही. वर दोघांनी थेट विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय. भाऊ, इतक्यात ते करू नका. आकड्याने पोचतंय आणि नावाने नाही, म्हणजे पहिली शंका डीएनएसवरच, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल टाका. 'डीएनएस सर्व्हर्स'समोर बहुधा १९२.१६८.१.१ असं काही दिसेल. तो तुमचा राउटरच. तो पुढे कोणाला विचारतो ते इथे कळत नाही. बाहेरचा अनोळखी पत्ता दिसला तर मात्र थांबा. डीएनएसचेंजर व्हायरस हाच पत्ता गुपचूप बदलायचा. २०११ मध्ये एफबीआयने त्याचं जाळं मोडलं.

खरी परीक्षा एनएसलुकअपची, म्हणजे नावाचा पत्ता डीएनएसला विचारणाऱ्या कमांडची. आधी एनएसलुकअप आणि साइटचं नाव. मग तीच ओळ, शेवटी स्पेस देऊन ८.८.८.८, म्हणजे या वेळी थेट गुगलला विचारायचं. दुसऱ्या वेळी उत्तर आलं, पहिल्या वेळी नाही, तर दोष राउटरकडे किंवा नेटवाल्याच्या सर्व्हरकडे. दोन्ही वेळा बरोबर उत्तर आलं तरी ब्राउझर अडतोय? मग साठवलेली जुनी उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश फ्लशडीएनएस. त्यानेही नाही भागलं तर होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरमधलीच नाव-पत्त्यांची यादी) उघडून बघाच, कारण एनएसलुकअप ती वाचतच नाही आणि चूक तिथेच दडून राहते.

कोणी विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) वापरत असेल, तर रिझॉल्व्ह.कॉन्फ या डीएनएस सर्व्हरच्या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसलं तर घाबरू नका, तो कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता; खरे सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही कमांड दाखवते.

दोन्ही एनएसलुकअपची उत्तरं इथे टाका, पुढचं मिळून बघू.