एचबीसीयूची निवड : आपापले अनुभव लिहा

अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या संस्थांना एचबीसीयू (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) म्हणतात. आज त्या सुमारे शंभर आहेत. ज्यांच्या घरात अशा संस्थेत प्रवेश घेण्यावर खरोखर खल झाला, त्यांनी निर्णय कसा झाला ते लिहावे.

एक आई, मेरीलँड

मी मूळची साताऱ्याची. माझे पती आफ्रिकन-अमेरिकन आहेत. मुलीला राज्याच्या मोठ्या विद्यापीठात आणि अटलांटाच्या स्पेलमन या महिला महाविद्यालयात, दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. शाळेत रसायनशास्त्राच्या वरच्या वर्गात ती एकटीच कृष्णवर्णीय मुलगी होती. उत्तर चुकले की ते केवळ आपले चुकले, असे तिला कधी वाटू शकले नाही. स्पेलमनचा परिसर आम्हांला दाखवणारी विद्यार्थिनी भौतिकशास्त्र शिकत होती आणि त्याचे तिथे कोणालाही अप्रूप नव्हते. लेकीचा निर्णय बहुधा तिथेच झाला. सासूबाईंना गहिवरून आले. माझे वडील मात्र फोनवर म्हणाले, "हे नाव कधी कानावर आले नाही." संस्था १८८१ सालची आहे, शेजारच्या मोरहाउस या एचबीसीयूत मार्टिन ल्यूथर किंग शिकले आणि पुढे मोरहाउसचे अध्यक्ष झालेले बेंजामिन मेज वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, हे ऐकल्यावर ते निवळले, पण त्यांचा पुढचा प्रश्न फीचाच होता. तो रास्तही होता. संस्था खासगी असल्याने आम्ही आर्थिक मदतीचे पत्र समोर ठेवून अनुदानाचे आकडे हिरव्या आणि कर्जाचे लाल शाईने अधोरेखित केले, तेव्हा कुठे खरा खर्च कळला. कारण अशा पत्रांत पुष्कळदा कर्जही ‘मदत’ म्हणूनच मांडलेले असते.

संशोधक विद्यार्थी, ग्रीन्सबरो

नागपूरहून नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या एचबीसीयूत आलो तो मार्गदर्शकांचा विषय आणि सहायकवृत्ती (असिस्टंटशिप) पाहून. फेब्रुवारी १९६० मध्ये इथल्याच चार विद्यार्थ्यांनी वूलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसून सत्याग्रह केला होता. चवदार तळ्याचा इतिहास ऐकत वाढलेल्या मला त्यांच्या पुतळ्यांपुढे कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. तरीही या परंपरेत मी पाहुणा आहे, आणि ‘इथे प्रवेश सोपा’ एवढ्याच हिशेबाने येणारे आपले लोक मला खटकतात.

निवृत्त प्राध्यापक

मी एका सरकारी एचबीसीयूत शिकवत होतो. पावसात प्रयोगशाळेचे छत ठिबकायचे आणि आम्ही उपकरणांवर प्लास्टिक पांघरून प्रात्यक्षिके उरकायचो. याला निव्वळ गैरव्यवस्थापन म्हणणे अन्यायाचे होईल: २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने १६ राज्यांच्या गव्हर्नरांना लिहिलेल्या पत्रांनुसार, १९८७ ते २०२० या काळात तेथील १८९० च्या भू-अनुदान कायद्याखालील (राज्यांतील उच्च शिक्षणाला सरकारी मदत देणाऱ्या) एचबीसीयूंना, १८६२ च्या अशाच कायद्याखालील, मूळच्या गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या तुलनेत, एकूण १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी निधी मिळाला. म्हणून भेटीला जाल तेव्हा वसतिगृहाची खोली आणि विभागाची प्रयोगशाळा प्रत्यक्ष उघडून दाखवायला सांगा, आणि सहा वर्षांत किती जण पदवी पूर्ण करतात तेही विचारा.

एक वडील, टेक्सास

माझी पत्नी घानाची. मुलाला वॉशिंग्टनचे हॉवर्ड हे एचबीसीयू मनापासून हवे होते, परंतु दुसरीकडे पूर्ण शिष्यवृत्ती मिळाल्याने तो तिकडे गेला. आता वैद्यकीय शिक्षणासाठी त्याने हॉवर्डला आणि नॅशव्हिलच्या मेहॅरी या एचबीसीयू वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केले आहेत; या वेळी पैशांचा हिशेब तो स्वतःच मांडतो आहे.