पळण्याच्या मधल्या दिवशी तुम्ही काय करता? अनुभव सांगा

पळायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी हा धागा. माझा 'काउच टू ५के' (सोफ्यावरून उठून ५ किमी पळण्यापर्यंतचा कार्यक्रम) चालू आहे: नऊ आठवडे, आठवड्यातून तीनदा पळायचं, मधे सुट्टी. पळायचं कसं ते सगळे सांगतात, सुट्टीचं कोणी बोलत नाही. चालता की लोळता?

माझ्यापासून सुरू करते. दुसऱ्या आठवड्यात पाय इतके दुखत होते की मी जिना कठडा धरून, एका अंगाने उतरत होते. तरी वीस मिनिटं चालून आले. पहिली पाच मिनिटं पोटऱ्या लाकडाच्या. दहाव्या मिनिटाच्या आसपास टाच नीट टेकायला लागली. दुखणं गेलं नाही, आखडलेपण गेलं. आता सुट्टीच्या दिवशी रोज चालते.

~

माझं उलटं झालं. वीस मिनिटांची चाल तासावर कधी गेली कळलंच नाही, कारण मनगटावरचं घड्याळ १०,००० पावलं मागत होतं. हा आकडा काही वैद्यकातून आलेला नाही बरं का. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, या नावाने एक यंत्र विकायला आलं, तिथून तो पसरला. मी मात्र त्याच्यापायी सुट्टीच्या दिवशी चढावर भराभर चालत होतो. महिनाभरात दोन्ही नडग्या ठणकायला लागल्या. पळणं बंद, चालणंही बंद. दम लवकर सुधारतो, हाडं आणि स्नायुबंध मागून सावकाश येतात. दम लागत नाही म्हणून मी पायांना गृहीत धरलं.

~

मी झोपते. बाळ आठ महिन्यांचं आहे. पुढचा प्रतिसाद.

~

वय ५८. गुडघे पहिल्यापासून कुरकुरे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही हवेत जातात आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. त्यामुळे माझ्या गुडघ्यांना चालणं म्हणजे सुट्टीच. वेग मोजत नाही, बहिणीशी फोनवर बोलत चालतो. तिने "धापा का टाकतोयस?" विचारलं की हळू होतो.

~

चालल्याने लॅक्टिक ॲसिड (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारं आम्ल) निघून जातं असं कोणीतरी लिहिण्याआधीच सांगतो: ते पळून झाल्यावर तास-दोन तासांतच नेहमीच्या पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते सवय नसलेल्या स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि साधारण २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त जाणवतं. चालून बरं वाटतं हे मात्र खरं. मलाही वाटतं.

~

माझं काम दिवसभर उभ्याने. माझं चालणं पगारी आहे. घरी आल्यावर पाय भिंतीला वर टेकवून पडते, हीच सुट्टी.

~

एक काळजीचं. पाय सगळीकडून दुखत असेल तर चाला. पण हाडावर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर चालून जिरवायला जाऊ नका. मी गेले. प्रत्येक फेरीला दुखणं वाढत होतं आणि मी स्वतःला "मोकळा होईल पाय" सांगत होते. हाडाला बारीक चीर निघाली. सहा आठवडे घरात बसले, त्यात आधी डॉक्टरकडे न गेल्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळीच.

~

धागाकर्ती परत आले. उद्या पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस, म्हणजे पहिल्यांदाच सलग २० मिनिटं पळायचं. परवा आठ-आठ मिनिटांतच जीव गेला होता. आज चालू की लोळू?

~

पंधरा मिनिटं चाला, रमतगमत. आणि उद्याचे बूट आत्तापासून दारात काढून ठेवू नका, रात्रभर त्यांच्याकडे बघत बसाल.