गालिच्यावर बांगड्याचं तिखलं सांडलं, साबण लावला तर डाग लालच झाला

वेंगुर्ल्याची_सून
गणपती पोचवले आणि घरात मासळी शिजली. मुंबईहून आलेली दिराची मुलं क्रिकेट बघायला ताटं घेऊन थेट हॉलमध्ये. व्हायचं तेच झालं. बांगड्याच्या तिखल्याची वाटी उलटी, तीही भदोहीच्या लोकरीच्या गालिच्यावर, फिकट बदामी भागात. मामेसासूबाईंनी लग्नात दिलेला आहे. एरवी माळ्यावर डांबरगोळ्यांसकट गुंडाळलेला असतो, गणपतीचे पाच दिवस तेवढा खाली येतो.

घाईत मी कपड्याची साबणवडी ओली करून घासली. पिवळा डाग डोळ्यांदेखत विटकरी लाल झाला. सासूबाई म्हणतात, "रगत सांडल्यासारख्या दिसता." वर वासही मारतोय. बाहेर पाऊस, ऊन नाही. काय करू?

देवगडचा_भाचा
घासू नको गे! माझ्या बहिणीनं घासून घासून लोकरीचे गोळे काढले होते. सुती फडक्यानं टिपून घे, बाहेरून आत. आतून बाहेर गेलीस तर वाटीएवढ्या डागाचं ताट होतं.

पांढरं_ते_पांढरं
ब्लीच लावा, दहा मिनिटांत पांढरं शुभ्र. आमच्या टेबलक्लॉथवर अनुभव आहे.

रत्नागिरीची_बाई
टेबलक्लॉथ सुती होता म्हणून वाचला. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखी. धुण्याच्या ब्लीचनं ती पिवळी पडते, खाल्ली जाते. एन्झाइमवाली कपड्यांची पावडरही नको, ती प्रथिनाचे डाग खाते तशी लोकरही खाते. गरम पाणी तर अजिबात नको, लोकर आटते आणि माशाचं प्रथिन घट्ट बसतं.

आता लाल रंगाचं. शाळेत आम्ही हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून दाखवतो, तोच प्रयोग तुमच्या हॉलमध्ये झालाय. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं आणि आंबट लागलं की परत पिवळं. म्हणून आधी साध्या थंड पाण्यानं साबण टिपून काढा. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात फडकं भिजवून पिळून डागावर दाबा. लाली उतरेल. वासावरही हाच उपाय. माशाचा वास देणारी अमाइन्स अल्कलीच्या बाजूची असतात, आंबटानं ती दबतात. बांगडे साफ केल्यावर आपण हाताला चिंच-कोकम चोळतो ते त्यासाठीच. (कोकमाचं आगळ मात्र गालिच्यावर ओतू नका, तो दुसरा डाग होईल.)

राहिली हळद आणि मिरची. दोन्ही रंग खोबऱ्याच्या तेलात उतरलेले असतात, त्यामुळे नुसत्या पाण्यानं हलत नाहीत. कपभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घालून टिपा, मग साध्या पाण्यानं टिपा. तरी पिवळं उरलं तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घ्या. हळद त्यात विरघळते. कापूस पिवळा झाला की बदला, नाहीतर तोच रंग परत बसेल. आधी मागच्या कोपऱ्यात लावून बघा, नक्षीचा लाल-निळा रंग सुटतोय का. आणि समई जळत असेल तर आधी शांत करा, स्पिरिट पटकन पेटतं.

मालवणकर_भाई
बाईंनी सांगितलं ते बरोबर, पण आपल्याकडे डागापेक्षा ओल वाईट. गालिच्याचा ताणा सुती असतो, पाणी धरून ठेवतो. लाल कोब्यावर पसरलात तर खालून बुरशी धरेल. दोन बाकड्यांवर बांबू आडवे टाका, त्यावर तो भाग मोकळा राहील असा पसरा आणि पंखा खालून लावा. आमच्याकडे भर पावसाळ्यात एवढा भाग सुकायला दोन दिवस लागले. पुरता वाळल्याशिवाय माळ्यावर चढवू नका, डांबरगोळ्या ओलीपुढे काही करत नाहीत.

वेंगुर्ल्याची_सून
तीन दिवसांनी कळवते. व्हिनेगर दाबल्याबरोबर लाल गेलं, पिवळं परत आलं. धाकट्या पुतण्यानं ते पाहिलं आणि आता तो स्वयंपाकघरातल्या हळदीवर साबण लावत फिरतोय. लिक्विडनं तेलकटपणा गेला. स्पिरिटचे अकरा बोळे लागले, शेवटचा जेमतेम पिवळसर. कोपऱ्यात रंग सुटला नव्हता. वास गेला म्हणावा तर ओलसर लोकरीचा येतोय, बकरीसारखा. बशीएवढी पिवळट सावली मात्र उरलीय.

रत्नागिरीची_बाई
बकरीचा वास वाळला की जाईल. सावलीवर आता काही चोळू नका. हळद उन्हात टिकत नाही. पाऊस सरला की तेवढाच भाग उन्हात ठेवा, बाकीच्यावर चादर टाका, नाहीतर नक्षीही फिकी होईल. रोज तास-दोन तास, आणि बघत राहा.

वेंगुर्ल्याची_सून
ठीक. तोवर सासूबाईंनी त्या जागेवर पाट ठेवलाय. कोणी आलं की त्यांना तिथेच बसवतात.