अनुभव धागा: अन्नाची अ‍ॅलर्जी, उपचार आणि धीट होत गेलेली आमची मुलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आईवडिलांनो, शिक्षकांनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, लिहा. डोस किती वाढला हे प्रत्येकाच्या फाईलमध्ये असतंच. मूल भ्यायचं कशामुळं थांबलं, ते इथं हवं आहे. कळकळीची विनंती: इथलं वाचून घरी शेंगदाणा, अंडं, दूध चाखवून बघू नका.

टिळकवाडी, मुलीची आई
आपल्याकडं शेंगदाणा कशात नाही? भाकरीबरोबर शेंगाचटणी, भरल्या वांग्यात कूट, शेंगाची पोळी, वर घाण्याचं तेल. लेकीचे एकदा ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. त्यानंतर ती घरच्या डब्यातलंसुद्धा मला विचारल्याशिवाय खात नव्हती. बारसं, लग्न, सगळं बंद.

पुण्याच्या डॉक्टरांकडं ओरल इम्युनोथेरपी सुरू केली, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी तेच अगदी थोडं थोडं वाढवत खायला देऊन अंगाला सवय लावायची. एका दाण्यात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिन असतं. सुरुवात त्याच्या अगदी बारीक अंशापासून. डोस वाढवायचा तो दवाखान्यातच, आणि नंतर तिथंच बसून राहायचं. घरी रोजचा डोस पोटभर खाल्ल्यावर. पुढं दोनेक तास धावपळ नाही, कढत पाण्याची अंघोळ नाही. ताप असला तर आधी डॉक्टरांना फोन.

डॉक्टरांनी डोसची वही तिच्याच हातात दिली. तोंड खाजलं, पोट दुखलं, किती वेळात थांबलं, सगळं तीच लिहायची. लिहितालिहिता तिला आपलं अंग कळायला लागलं: कुठलं खाजणं आपोआप जातं आणि काय झालं की लगेच हाक मारायची. माझ्या मते धीर आला तो त्या वहीतून. परवा मामाच्या लग्नात वाढप्याला तिनंच विचारलं, "काका, कोशिंबिरीत कूट आहे काय?" आहे म्हटल्यावर पानावर हात आडवा धरला. मी शेजारीच होते, पण मला बोलावं लागलं नाही.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षक
सरकारी शाळांत मुलांना अंडं द्यायला सुरुवात झाली, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की ठरली. माझ्या वर्गात एकाला अंडं चालत नाही, दुसऱ्याला शेंगदाणा. स्वयंपाकघरात यादी लावली, पण यादीवर सगळं सोडता येत नाही. अंडंवाला पूर्वी ताट घेऊन मागं सरकायचा. आता तो भाजलेल्या अंड्याच्या टप्प्यावर आहे. जास्त उष्णतेनं अंड्यातली प्रथिनं बदलतात, त्यामुळं बऱ्याच मुलांना केकमधलं अंडं सोसतं. त्याची चाचणी दवाखान्यात झाली. आता रांगेत "तत्ती ब्याड्री अक्का" (कन्नडमध्ये, अंडं नको अक्का) असं खणखणीत सांगतो आणि केळं मागून घेतो.

निपाणी, दहावीतली मुलगी
मी स्वतःच लिहिते. डोसची चव मला अजून आवडत नाही. "बरी झालीस की" असं कुणी म्हटलं की राग येतो. डोस सुटले तर कमावलेली सहनशक्ती जाऊ शकते. चुकून पोटात गेलं तर जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी हे रोज घ्यायचं. मी रात्री जेवल्यावर घेते, नंतर तासभर जागी राहते, म्हणजे सकाळी खो-खोला मोकळी. जोराची अ‍ॅलर्जी उठली तर टोचायची अ‍ॅड्रेनालिनची सुई दप्तराच्या कुठल्या कप्प्यात आहे ते सगळ्या टीमला ठाऊक आहे. पूर्वी मी ती लपवायची.

चिकोडीजवळचं गाव, वडील
आमचा उपचार थांबवावा लागला. दुधासाठी होता. पोटदुखी आणि उलट्या थांबेनात, डॉक्टरांनीच बंद केला. पोरगं फार खट्टू झालं. आजी म्हणायची, कुंदा तासन्‌तास आटवलेला असतो, तो चालेल. डॉक्टरांनी समजावलं की बिस्किटाच्या पिठात भाजलेलं थोडं दूध वेगळं, आणि कुंदा म्हणजे दूधच, घट्ट केलेलं.

पण उपचाराच्या काळात अ‍ॅड्रेनालिन टोचायला शिकलो ते राहिलं. ॲम्प्युल फोडून सिरिंजमध्ये ठरलेलं माप घ्यायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचं आणि तडक दवाखाना. टोचणार आम्हीच, पण पाण्यावर सराव करताना तो शेजारी बसून पायऱ्या म्हणायचा. आता शाळेच्या सहलीआधी सरांना तोच सगळं सांगतो. आमच्या घरात एवढं स्पष्ट बोलणारं दुसरं कुणी नाही.

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला न्यायचं आहे. औषध उन्हात कसं सांभाळायचं?

टिळकवाडी, मुलीची आई
दादा, उजेड आणि उष्णता दोन्हीपासून जपा, फ्रीजमध्येही नको. मूळ खोक्यात ठेवून कापडात गुंडाळा आणि खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. उभ्या गाडीत सोडू नका. निघण्याआधी मुदत बघा. आणि तिथं कुणी खवा, पेढा हातावर ठेवला तर काय म्हणायचं, ते त्यालाच ठरवू द्या.